घोड्याच्या शेपटीचे केस आणि पोटापाण्याचा प्रश्न

ताई, नमस्कार.

आम्ही तेरा वर्षांपूर्वी नाशिकहून आयर्लंडला, लिमरिकला आलो. मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. शाळेतल्या मैत्रिणी जायच्या म्हणून आठव्या वर्षी तिला फिडलच्या, म्हणजे आयरिश लोकसंगीतातल्या व्हायोलिनच्या, वर्गाला घातलं. आम्हाला वाटलं, चार दिवसांचं वेड असेल. आता ती एकोणीस वर्षांची आहे, बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि मार्कही बरे पडतात. दोन वर्षांपासून शनिवारी तिच्या जुन्या वर्गात लहान मुलांना शिकवायला मदत करते. मागच्या महिन्यात जेवताना तिनं सांगितलं, की इंजिनिअरिंग सोडून तिला इथल्याच विद्यापीठात आयरिश संगीताची पदवी घ्यायची आहे आणि पुढे ‘फिडल वाजवायची आणि शिकवायची’, एवढंच करायचं आहे. तिचे बाबा एकच वाक्य बोलले, “घोड्याच्या शेपटीचे केस तारेवर घासून पोट भरत नाही,” आणि ताट घेऊन उठले. तेव्हापासून दोघांचा अबोला आहे. नाशिकहून सासूबाई म्हणतात, व्हायोलिनच करायचं तर आपलं तरी कर. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. यावर खरंच घर चालतं का? आपल्या नावाची, आपल्या रंगाची मुलगी त्यांचंच संगीत त्यांनाच शिकवायला लागली, तर ते लोक तिला मानतील का? आणि मी ‘नाही’ म्हणावं का?

— एक आई, लिमरिक

प्रिय मैत्रीण,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा मुलीच्या बाजूनं आणि दुसऱ्यांदा, जरा नाइलाजानं, तुमच्या यजमानांच्या बाजूनं. मुलीला आपण इथं मुक्ता म्हणू या.

तुम्हाला कदाचित माहीत नसेल, पण हे पत्र अगदी योग्य पत्त्यावर आलं आहे. मी पुण्यात सव्वीस वर्षं व्हायोलिन शिकवलं. मुलं गांधर्वच्या परीक्षांना बसवली, प्रारंभिकपासून विशारदपर्यंत. त्यातली आठ वर्षं एका क्लासात काढली, जिथे पगार दोन-दोन महिने अडकायचा आणि मागितला की “अहो, कला आहे ही” असं ऐकवायचे. पुढे मुलाच्या नोकरीमुळे चार वर्षं तुमच्या शेजारच्या क्लेअर परगण्यात, एनिसला राहिले. तिथे चोपन्नाव्या वर्षी मी फिडलच्या वर्गात नाव घातलं. माझ्या एका बाजूला नऊ वर्षांचा मुलगा आणि दुसऱ्या बाजूला त्याची सात वर्षांची बहीण.

वाद्य तेच. एक तार, एक खुंटी इकडची तिकडे नाही. पण मी आयुष्यभर मांडी घालून, व्हायोलिनचं डोकं उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवून वाजवलेलं, तारा सा-प-सा-प अशा लावलेल्या. तिथे खुर्चीवर बसायचं, तारा विलायती पद्धतीनं लावायच्या आणि कागद समोर नाही. शिक्षिका चार मात्रा वाजवणार, आपण त्या कानानं उचलायच्या, मग पुढच्या चार. तिसऱ्या आठवड्यात मला एक रील, म्हणजे आयरिश नाचाची जलद धून, जमली असं वाटलं, तेव्हा मी मोठ्या हौसेनं तिच्यात एक मींड घातली, एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत गेले. शिक्षिका हसली आणि म्हणाली, “फारच सुरेख, पण एवढ्यात नाचणारे पडले.” शेजारच्या नऊ वर्षांच्या मुलानं मला बो, म्हणजे घोड्याच्या केसांचा गज, कुठे उचलायचा ते दाखवलं. तेव्हा जे काही समजलं, त्यावरच हे उत्तर लिहिते आहे.

आता मुद्द्याकडे येते. मुक्ता ‘वाजवायची आणि शिकवायची’ असं एका दमात म्हणाली. त्यातल्या पहिल्या शब्दाची तुम्ही सगळेच चर्चा करताय. ती किती चांगली वाजवते, स्पर्धेत कितवी येते, कार्यक्रम मिळतील का. या धंद्यात चूल पेटते ती बहुतेक वेळा दुसऱ्या शब्दावर. म्हणून मी तिला एकच विचारलं असतं. पुढची तीस वर्षं, दर सोमवारी संध्याकाळी चार वाजता, नाक पुसत येणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाला तीच पहिली पोल्का, नाचाची तीच धून, शिकवायला तुला आवडेल का? सहन होईल का असं विचारत नाही मी, आवडेल का?

याचं उत्तर ‘हो’ असेल तर तिच्या बाबांना जितकी भीती वाटते तितकं घाबरायचं कारण नाही. ‘नाही’ असेल, तिला फक्त वाजवायचं असेल, तर तिनं इंजिनिअर व्हावं आणि मनसोक्त फिडल वाजवावी. हे ऐकून ती चिडेल. तिला वाटेल, ताईंनीही ‘छंद म्हणून ठेव’ हे नेहमीचं पालुपद लावलं. तसं नाही, आणि ते कसं नाही हे तिच्याच परंपरेतून सांगते.

तुमच्या लिमरिकच्या नैर्ऋत्येला, कॉर्क आणि केरी परगण्यांच्या सीमेवर स्लीव लूखरा नावाचा डोंगराळ मुलूख आहे. पोल्का आणि स्लाइड या चालींचं माहेरघर. तिथे पॉड्रिग ओ’कीफ नावाचा एक फिडलवाला होऊन गेला, १८८७ ते १९६३. मुक्ताला नाव नक्की माहीत असेल. तो मुळात शाळामास्तर, वडिलांच्या मागून त्याच शाळेवर लागलेला. शाळेची शिस्त आणि त्याचं काही जमेना. १९२० च्या सुमारास नोकरी गेली आणि त्यानंतर हा माणूस उरलेलं आयुष्य मैलोन्‌मैल पायी फिरून घरोघरी फिडल शिकवत राहिला. त्यानं स्वतःची लिपी केली होती. चार तारांसाठी चार घरं आणि त्यांत बोटांचे आकडे. शाळेचं तोंड जेमतेम पाहिलेल्या शेतकऱ्याच्या मुलालाही ती वाचता यायची. एक धून कागदावर उतरवून द्यायची, पुढच्या फेरीला यायचं, ती घोटून घ्यायची, नवा कागद ठेवायचा. डेनिस मर्फी आणि त्याची बहीण ज्युलिया क्लिफर्ड ही पुढे नावाजलेली भावंडं त्याचीच शिष्य. आज त्या मुलखाचं म्हणून जे वाजवलं जातं, त्यातलं किती तरी त्या कागदांच्या चिटोऱ्यांवरून आलं आहे.

मला हा माणूस फार जवळचा वाटतो, पण त्याची गोष्ट सांगताना लोक एक भाग गाळतात. तो गरीब राहिला, एकटा राहिला आणि दारूनं त्याला सोडलं नाही. ‘फिरस्ता फिडलगुरू’ हे चित्र दुरून रोमँटिक दिसतं. पावसात ओले झालेले बूट त्या चित्रात दिसत नाहीत. डोनेगलचा जॉन डॉहर्टी तसाच. कल्हईवाल्या-पत्रेवाल्यांच्या भटक्या घरातला, उत्तरेकडचा सगळ्यात नामांकित वादक. गावोगाव फिरताना पुष्कळदा त्याच्याजवळ स्वतःची फिडलही नसायची, ज्या घरी उतरेल तिथली उचलून वाजवायचा.

आणि आता दुसरी बाजू. पूर्व क्लेअरचा पॅडी कॅनी. ज्याच्या नुसत्या बोच्या ओढीवरून आजही लोक गाव ओळखतात, तो पेशानं शेतकरी. पी. जे. हेझ, ज्यानं ‘टुला केली बँड’ हा नाचाच्या संगीताचा ताफा वर्षानुवर्षं चालवला, तोही शेतकरी. त्यांना कुणी ‘हौशी’ म्हणून हिणवलं नाही. दिवसभर गुरं सांभाळायची, रात्री नाचाच्या हॉलमध्ये वाजवायचं. त्या परंपरेत ‘व्यावसायिक’ म्हणजे वरचा आणि ‘हौशी’ म्हणजे खालचा अशी उतरंडच नव्हती. आपल्याकडेही पाहा ना. गजाननराव जोशी आणि व्ही. जी. जोग हे दोघेही आकाशवाणीच्या नोकरीत होते. एन. राजम यांनी काशी हिंदू विद्यापीठात उमेदीची सगळी वर्षं शिकवलं. यांच्या व्हायोलिनला कुणी अर्धवेळचं म्हणेल का?

पी. जें.चा मुलगा मार्टिन हेझ हा मात्र पूर्णवेळ वादक झाला, जगभर गाजला. सगळ्या तरुण मुलांच्या डोळ्यांसमोर तोच असतो आणि मुक्ताच्याही असणार. तिला सांगा, त्याच्या गोष्टीतली मधली वर्षंही वाच. एकोणिसाव्या वर्षाच्या आत अखिल आयर्लंडची सहा विजेतेपदं खिशात असलेला हा मुलगा पुढे शिकागोला गेला, तिथे गिटारवाल्या डेनिस कॅहिलबरोबर आधी चक्क विजेच्या वाद्यांचा बँड काढला आणि पहिली एकल ध्वनिमुद्रिका आली १९९३ साली, वयाच्या तिशीनंतर. विजेतेपदांनी त्याला लगेच जेवायला घातलं नाही.

आता तिच्या बाबांसाठी आकडे. मला आकड्यांची भीती वाटत नाही, क्लास चालवलाय मी.

फिडलचे वर्ग शाळा सुटल्यावर भरतात, म्हणजे दुपारी तीन ते रात्री आठ. आठवड्याचे पाच दिवस धरले तरी, मधला प्रवास वगळता, वीस-बावीस तासांच्या वर शिकवणं माणसाला झेपत नाही. मान आणि डावा खांदा आधी संप पुकारतात, नंतर कान. आयर्लंडच्या प्राथमिक शाळा वर्षाला एकशे ऐंशीच्या थोडे वर दिवस भरतात, म्हणजे साधारण छत्तीस आठवडे. वर्गही त्याच तालावर चालतात. हिशेब सोपा व्हावा म्हणून मी तासाचे ४० युरो धरते. तुमच्या भागातला खरा दर मुक्तानं चार शिक्षकांना विचारून आणावा, हाच तिचा पहिला गृहपाठ. वीस तास, ४० युरो, ३६ आठवडे. झाले २८,८०० युरो. यातून पेट्रोल, गाडीचा विमा (आणि त्या वयाच्या मुलांचा गाडीचा विमा तिथे काय मागतात ते तुम्हाला मी सांगायला नको), हॉलचं भाडं, तारा, राळ, कर. सुट्टीत पैसा नाही, आजारी पडली तर पैसा नाही. आई-वडिलांच्या घरी राहून हे मजेत चालेल. लिमरिकमध्ये एकटीनं भाड्यानं राहायचं म्हटलं की ओढाताण.

म्हणून जाणते शिक्षक हा एकच झरा धरून बसत नाहीत. सकाळची रिकामी वेळ ऑनलाइन शिकवणीत जाते. मेलबर्नमध्ये संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा आयर्लंडमध्ये ऋतूप्रमाणे सकाळचे आठ ते दहा. तिकडे आयरिश मुळाची माणसं पुष्कळ आहेत आणि निवृत्तीनंतर फिडल हातात घेणारी तर फारच चिकाटीनं शिकतात. उन्हाळ्यात शिबिरं असतात. सगळ्यांत मोठं जुलैमध्ये क्लेअरच्या मिलटाउन मॅलबेला भरतं, पाइपवादक विली क्लॅन्सीच्या नावानं, १९७३ पासून. सकाळी दहा ते एक वर्ग आणि मग दिवसरात्र गावभर वाजवणं. तिथे शिकवायला बोलावणं येणं हा मान आहे, पण तो आठवडाभराचा. लग्नं असतात. पबमधली सेशन्स, म्हणजे सगळ्यांनी एकत्र बसून वाजवणं, असतात, पण तिथे बहुधा दोघा-तिघांनाच पैसे मिळतात, ज्यांनी सेशन धरून ठेवायचं असतं. भोवतीचे बाकीचे दहा-बारा जण आनंदासाठी बसलेले. शिवाय म्युझिक जनरेशन ही २०१० पासूनची राष्ट्रीय योजना शाळाशाळांत संगीत शिक्षक पाठवते. लिमरिकमध्येही आहे. काम तासांवर, पण संस्थेमार्फत, त्यामुळे पैशासाठी पालकांच्या मागे लागावं लागत नाही. हा फरक मला विचारा.

सरकारनं २०२२ मध्ये २००० कलावंतांना आठवड्याला ३२५ युरो देण्याचा प्रयोग केला, तो मुक्तानं नक्की ऐकवला असेल. चांगला प्रयोग होता. पण निवड सोडतीनं होती आणि सोडतीवर संसार मांडू नये. आणखी एक गैरसमज मी तिथे तरुणांच्या तोंडून बरेचदा ऐकला, की आयर्लंडमध्ये कलावंतांना आयकर नाही. ती सवलत नवनिर्मितीला आहे. स्वतः रचलेल्या संगीताला मिळू शकते. शंभर वर्षं जुनी रील वाजवण्याला किंवा शिकवण्याला नाही.

आता मला जो रस्ता सगळ्यांत भक्कम वाटतो तो सांगते, आणि तो तुमच्या दोघांच्याही पसंतीचा नसेल. प्राथमिक शाळेची शिक्षिका. आयर्लंडमधले किती तरी उत्तम पारंपरिक वादक दिवसा प्राथमिक शाळेत शिकवतात. दुपारी तीनला मोकळे, उन्हाळाभर मोकळे, महिन्याला पगार आणि म्हातारपणी पेन्शन. नोकरी गमावलेल्या त्या मास्तरची गोष्ट उलटी करून पाहा, म्हणजे हे काय आहे ते समजेल. लिमरिकमध्येच मेरी इमॅक्युलेट कॉलेज आहे. तिथे कुठल्याही विषयाच्या ऑनर्स पदवीनंतर दोन वर्षांचा शिक्षक-प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम करता येतो. कुठल्याही, म्हणजे बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्याही. अट आयरिश भाषेची, बारावीच्या परीक्षेत वरच्या पातळीची. मुक्ता सहाव्या वर्षी तिकडे गेली म्हणजे शाळेत आयरिश शिकली असणार. त्या विषयात तिला काय ग्रेड होती, हे तुम्हाला आठवतंय का? माझी पैज आहे, घरात कुणाला आठवत नसेल. गणिताची मात्र आठवत असेल.

म्हणजे इंजिनिअरिंगची उरलेली दोन वर्षं वाया जाणारी नाहीत, अगदी फिडलसाठीसुद्धा. तिला ज्या संगीताच्या पदवीला जायचं आहे, ती लिमरिक विद्यापीठातल्या आयरिश वर्ल्ड अकॅडमीतली. मिहॉल ओ सूलवॉन यांनी १९९४ मध्ये सुरू केलेली आणि खरोखरच गुणी माणसांनी भरलेली जागा आहे. तिथेच पारंपरिक वादनाचा एक वर्षाचा एम.ए.ही आहे. हातातली पदवी पूर्ण करून थेट त्या एम.ए.ला जाता येतं का, हे तिनं तिथे जाऊन विचारावं. ऑडिशन द्यावी लागेल. त्याला अकरा वर्षांची तालीम आहेच. पण माध्यमिक शाळेत संगीत शिकवायचं डोक्यात असेल तर संगीताची पूर्ण पदवी लागते आणि मग आत्ता बदलणंच शहाणपणाचं. पाहा, मी तिला आंधळेपणानं ‘आधी डिग्री पूर्ण कर’ म्हणत नाहीये. कुठल्या वयाच्या मुलांसमोर उभं राहायचं आहे, ते तिनं ठरवावं. कॉलेज कुठलं आणि कधी, ते त्यावरून ठरेल.

आणि खासगी वर्गच घ्यायचे असतील तर पदवीपेक्षा तिच्या जुन्या वर्गाचीच संस्था जास्त उपयोगी पडेल. तुम्ही लिहिलं नाही, पण तो वर्ग बहुधा कोल्तस या आयरिश पारंपरिक संगीताच्या संस्थेच्या शाखेचा असावा. १९५१ मध्ये मलिंगारला सुरू झालेल्या या संस्थेच्या आज चारशेच्या वर शाखा आहेत. त्यांचा पारंपरिक संगीत शिक्षकांसाठी उन्हाळ्यात आठवडाभराचा पदविका वर्ग असतो, टीटीसीटी म्हणतात. आपल्याकडे विशारद पाहून पालक फी देतात, तसं तिकडे हे पाहून शाखा शिक्षक नेमतात. मुलांबरोबर काम करायचं म्हणजे गार्डा पोलिसांची पडताळणी आधी. फी सत्राची आगाऊ घ्यायची, एकेका तासाची कधीही नाही. हे शेवटचं मला शिकायला सात वर्षं लागली.

तुमचा दुसरा प्रश्न. तो लिहिताना तुमचं अक्षर बदललेलं दिसलं मला.

खरं सांगायचं तर लोक विचारतील. “तू कुठली?” हे मुक्ताला नेहमीच ऐकावं लागेल, लिमरिकचीच म्हटल्यावर “नाही, म्हणजे मूळची?” हेही. एखादी आजी नव्या वर्गाच्या पहिल्या दिवशी दाराशी तिला विचारेल, की बाळ, शिक्षिका कुठे आहेत? हे होणार नाही असं मी म्हणणार नाही. पण त्या लोकांचा दुसरा एक प्रश्न असतो, आणि मी चार वर्षांत पाहिलं, की खोलीतली हवा त्याच्या उत्तरावर बदलते. “ही धून कुणाकडून घेतलीस?” आपल्याकडे गवय्याला ‘तालीम कुणाची’ विचारतात ना, अगदी तेच. तिथे माणूस धून वाजवायच्या आधी सांगतो, ही मी अमक्याकडून घेतली, त्यानं तमक्याकडून. ज्याला हे सांगता येतं, त्याला खुर्ची पुढे सरकवली जाते. ज्यानं सगळं यूट्यूबवरून उचललंय, तो कितीही वेगानं वाजवो, त्याच्यासाठी खोली गप्प होते.

म्हणून मुक्ताला माझा एक आग्रह आहे. तिनं एक मुलूख धरावा. लिमरिक अशा जागी आहे, की वर क्लेअरची संथ, जराशी एकाकी वाटणारी शैली, खाली स्लीव लूखराची नाचरी. डोनेगलची तुटक बोची धार किंवा स्लायगोचं वळणदार नक्षीकाम तिनं ऐकावं, पण राहावं कुठे तरी एका ठिकाणी. त्या भागातला एखादा म्हातारा वादक शोधावा, गाडी काढून दर आठवड्याला त्याच्या स्वयंपाकघरात जाऊन बसावं. स्पर्धांसाठी तयार झालेल्या मुलांचा हात फार स्वच्छ असतो आणि सगळ्यांचा सारखाच असतो. अशा शंभर जणांत मुक्ता एकशे एकावी, आणि तिथे मग नाव-रंग आड येतात. त्या स्वयंपाकघरातून तीस धुना आणि त्यांच्या तीस गोष्टी घेऊन आलेल्या मुलीला ‘तू कुठली’ विचारायचं लोक विसरतात. सगळे नाही, पण बरेच.

आणखी एक. ज्या मायकेल कोलमनच्या तबकड्यांनी साऱ्या आयर्लंडचं फिडलवादन बदलून टाकलं, तो १९१४ मध्ये स्लायगो सोडून अमेरिकेला गेलेला पोटार्थी. त्याच्या तबकड्या १९२० च्या दशकात तिकडे निघाल्या आणि बोटीनं परत मायदेशी आल्या. गावातले लोक ग्रामोफोनला कान लावून स्वतःच्याच देशाचं संगीत परदेशी गेलेल्या माणसाकडून शिकले. स्थलांतर या संगीताला नवं नाही. यावेळी माणसं उलट दिशेनं आली आहेत, इतकंच.

सासूबाईंचं काय? त्यांना मी दोष देत नाही. ‘आपलं तरी कर’ यात ‘आमच्यापासून फार लांब जाऊ नकोस’ असं दडलेलं असतं. पण मुक्तानं आता भीमपलास शिकला म्हणजे ती जवळ येईल, असं नाही. अकरा वर्षं ज्या हातानं रील वाजवली, तो हात मींड घेताना, माझा रीलमध्ये दिसला तितकाच विजोड दिसेल. त्यापेक्षा तिनं आजीला व्हिडिओ कॉलवर एखादी संथ धून वाजवून दाखवावी आणि ती कुणाकडून घेतली ते मराठीत सांगावं. आजी लगेच विचारतील, त्या म्हाताऱ्याला मुलंबाळं किती.

राहिला तिसरा प्रश्न, तुम्ही ‘नाही’ म्हणावं का. नका म्हणू. ‘हो’सुद्धा आत्ता नका म्हणू. तिच्याशी एक वर्षाचा करार करा. कॉलेज चालू ठेवायचं आणि सप्टेंबरपासून जूनपर्यंत नवशिक्या मुलांचा एक वर्ग तिनं एकटीनं घ्यायचा. मदतनीस म्हणून नाही, स्वतःच्या नावावर. पालकांचे फोन तिनं घ्यायचे, फी तिनं गोळा करायची, रडणारं मूल तिनं गप्प करायचं, नोव्हेंबरच्या पावसात हॉलचं कुलूप तिनं उघडायचं. मी पंचविशीत असताना मला शिकवणं हे कार्यक्रम मिळेपर्यंतचं वेटिंग रूम वाटायचं. मुलांना ते लगेच कळतं. एक फार गोड हाताची मुलगी माझ्याकडून त्यामुळे सुटली. तिच्या आईनं जाताना सांगितलं, “तुम्ही तिच्याकडे बघतच नाही.” आजही कधी रात्री ते वाक्य आठवतं. जूनमध्ये मुक्ताच्या वर्गात किती मुलं टिकली, ते मला कळवा. तिच्या बाबांना कुठल्याही पदकापेक्षा तो आकडा जास्त सांगेल, ते हिशेबाचे माणूस दिसतात.

आणि तुम्ही स्वतः एका शनिवारी तिच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसा. न सांगता गेलात तर उत्तम. तिच्या हाताकडे बघू नका, तो तुम्ही अकरा वर्षं बघितलाय. ती खाली वाकून कुणाचं तरी कोपर सरळ करत असेल, तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे बघा.

तुमची,
ताई

ता. क. — बोचे केस साधारण वर्षातून एकदा बदलून घ्यावे लागतात, रोज वाजवणाऱ्याला त्याहून लवकर. घोड्याच्याच शेपटीचे असतात, यजमानांचं ते बरोबर आहे. पुढच्या वेळी बो दुरुस्तीला न्यायचं काम त्यांच्याकडे द्या. दुकानात थांबावं लागतं आणि गाडीत दोघांनाच.